क्याई हजला गेले तेव्हा

बेळगावजवळच्या खानापूरच्या आमच्या गुरुजींना फोन लावला की पहिला प्रश्न ठरलेला, "हेडमास्तर कसा आहे रे तुमचा?" अख्खी हयात तालुक्यातल्या मराठी शाळांत गेली, त्यामुळं शाळा म्हटली की आधी हेडमास्तर, मग छप्पर.

मी पूर्व जावात एका पेसांत्रेनमध्ये इंग्रजी शिकवतो. पेसांत्रेन म्हणजे वसतिगृहासकट मदरसा. तिथला क्याई म्हणजे मौलाना, मालक आणि गावचा पाटील, तिन्ही एकच. जमीन त्यांची, शब्दही त्यांचाच. ते समोरून आले की पोरं वाट सोडून मान खाली घालून उभी राहतात.

परवा ते हजला गेले, चाळीसेक दिवस. नवीन वेळापत्रक सहीवाचून पडून राहिलं. मीटिंगा झाल्या, चहा झाला, पण "क्याई आल्यावर बघू"च्या पुढं गाडी सरकेना.

"मग आपल्यासारखंच की!" गुरुजी खूश.

पण वसतिगृहाची एक घंटा चुकली नाही. कारण ते खातं वरच्या वर्गातल्या पोरांकडं आहे. ही रीत गोंटोरची. पोनोरोगोजवळची ही पेसांत्रेन 1926 साली तीन भावांनी काढली आणि 1958 साली सगळी मालमत्ता वक्फ करून टाकली. पोराबाळांचा हक्क संपला. प्रमुख कोण, ते वक्फ मंडळ ठरवतं. आपल्याकडं संस्था काढणाऱ्याचा नातू चेअरमन होतो, तेव्हा मला हे साल हटकून आठवतं. आमच्या क्याईंनी गोंटोरची शिस्त उचलली, वक्फ मात्र नाही उचललं.

"मी शाळेची किल्ली सातवीतल्या पोराकडं द्यायचो," गुरुजी म्हणाले. "सगळ्यात उनाड असेल त्याच्याकडं. एक दिवस उशीर झाला नाही बघ."

इतक्यात एक पोरगा वही घेऊन माझ्यासमोर उभा. इथं अरबी नाहीतर इंग्रजीच बोलायचं. जो इंडोनेशियन बोलताना सापडेल, त्यानं दुसरा चुकार शोधून आणायचा. अशा पोराला म्हणतात 'जासूस'. होय, आपलाच शब्द, अरबीतून तिकडंही गेलेला.

"उस्ताद, ही कुठली भाषा?" त्यानं इंग्रजीत विचारलं.

"मराठी."

तो अडला. वहीत काय लिहावं कळेना. मी गुरुजींना सगळं सांगितलं.

"लिही म्हणावं माझंबी नाव," ते हसत म्हणाले. "भाषेवरनं नाव लिहून घेतलेलं बेळगाववाल्याला नवीन हाय काय?"