दहावी 'ब'ची खिडकी

अमृतमहोत्सवाची पत्रिका हातात पडली आणि सगळ्यात आधी आठवली ती दहावी 'ब'ची खिडकी. पावसाळ्यात लाकूड फुगायचं, मग बाई तळहाताने दोन थापा मारून ती उघडायच्या. समोर अजिंक्यतारा, अर्धा ढगात. बाई म्हणजे आपल्या इंग्रजीच्या बाई, वेगळं नाव लिहायला नकोच.

1987 चा जुलै. गणिताचे सर रजेवर होते. ऑफ तासाला बाई आल्या आणि पुस्तकात नसलेली एक गोष्ट वाचायला घेतली. केट शोपॅन या अमेरिकन लेखिकेची 'द स्टोरी ऑफ ॲन अवर', 1894 सालची. "तेव्हा आपल्या नायगावच्या सावित्रीबाई हयात होत्या," बाई म्हणाल्या, आणि अमेरिका आम्हाला एकदम जवळची वाटली.

हृदय अधू असलेल्या लुईस मॅलर्डला बहीण जपून जपून सांगते, की नवरा रेल्वे अपघातात गेला. (लेखिकेचे वडीलही रेल्वे अपघातातच गेले होते, ती लहान असताना.) लुईस हमसून रडते, मग खोलीत जाऊन उघड्या खिडकीसमोर बसते. झाडांना नवी पालवी, हवेत पावसाचा वास, खाली फेरीवाल्याची आरोळी, वळचणीला चिमण्या. बसल्या बसल्या तिच्या ओठांवर शब्द येतो, 'मोकळी'. आणि मग नवरा, हातात बॅग आणि छत्री, दार उघडून घरात येतो. अपघात झाला तिथून तो कितीतरी लांब होता. ती जागीच कोसळते. डॉक्टर म्हणतात, आनंदाने गेली.

मला फार राग आला होता. नवरा प्रेमळ होता हे तीच कबूल करते, मग मोकळी कशातून? वहीत मी लिहिलं, 'लुईस कृतघ्न आहे.' बाईंनी त्यावर काट मारली नाही. खाली लिहिलं, 'नवरा वाईट असता तर गोष्ट सोपी झाली असती. लुईसने स्वतःच्या मनाने केलेलं एक तरी काम शोधून दाखव.' डिक्शनरी घेऊन दोन रात्री बसले. सापडलं ते एवढंच: ती एकटी खोलीत गेली आणि मागून कुणाला येऊ दिलं नाही.

2009 मध्ये बँकेत बढती मिळाली, पण नागपूरला. घरात कुणी आवाज चढवला नाही. सगळे मायेनेच म्हणत होते, "कशाला एवढी दगदग?" त्या मायेपुढे नाही म्हणणं किती अवघड असतं ते तेव्हा कळलं. मी आत गेले, दार लावलं, अर्ध्या तासाने होकाराच्या पत्रावर सही करून बाहेर आले. यजमानांनीच मग चिवड्याचे, लाडवाचे डबे भरून दिले. पुढे मुख्य व्यवस्थापक म्हणून निवृत्त झाले. हे बाईंना सांगायचं राहून गेलं, कारण तोवर त्या गेल्या होत्या.

गेल्या वर्षी शाळेत आले होते. दहावी 'ब'ला आता सरकत्या काचा आहेत. समोर इमारत झाल्यामुळे किल्ला दिसत नाही. ऑफ तासाला सराव प्रश्नपत्रिका सोडवून घेतात, असं मुलींनी सांगितलं. मला वाईट वाटलं, ते लपवत नाही.

समारंभाच्या दिवशी त्या वर्गाचं कुलूप काढून ठेवावं, एवढी संयोजकांना विनंती. ती गोष्ट इन मिन दोन-तीन पानांची आहे. मी घेऊन येईन, कुणी मुली बसल्या तर वाचून दाखवीन.