तुम्ही विचारलंत म्हणून: मराठवाड्यात घरी बटाटे येतात का?

‘ताई, आपल्याकडं आलू येतंय का हो? माझं झाड कमरेएवढं झालं, पण उपटलं तर खाली नुसत्या मुळ्या.’ लातूर, परभणी, नांदेडकडचं कुणी ना कुणी मला दरवर्षी हे विचारतं. येतात, चांगले येतात. पण लावले कधी होते? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: ‘जूनमध्ये. घरातल्या बटाट्यांना कोंब फुटले होते म्हणून.’

सगळी गोष्ट तिथंच अडते. बटाटा म्हणजे मूळ नव्हे, जमिनीखाली फुगलेलं खोड. पानांनी दिवसभर तयार केलेलं अन्न खाली साठायचं तर रात्र गार लागते, साधारण 15 ते 20 अंशांची. उकाडा वाढला की झाड तेच अन्न पाल्यात घालतं, आणि पारा तिशीपार राहिला तर बटाटे धरणं जवळपास थांबतं. अशा वेळी लोक युरिया टाकतात. त्यानं पाला आणखी माजतो, खाली काही पोसत नाही.

गार रात्री आपल्याकडं आहेत. डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा कितीदा तरी 10 अंशांच्या खाली उतरतो. म्हणून दसरा झाला की तयारीला लागा आणि मध्य ऑक्टोबर ते मध्य नोव्हेंबर एवढ्यात लावून मोकळे व्हा. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात जाल तेव्हा घरच्या बटाट्याला मातीची भर लागून गेलेली असावी. महाशिवरात्रीच्या उपासाला घरचे बटाटे उकडता येतात. यापेक्षा उशीर केलात तर बटाटा पोसायच्या वेळेलाच फेब्रुवारीचं ऊन गाठतं.

आता बेणं, म्हणजे लावायचे बटाटे. बाजारातला खायचा बटाटा लावू नका, असं मी आग्रहानं सांगते. शीतगृहातल्या खायच्या मालावर कोंब येऊ नयेत म्हणून कधी कधी औषध मारलेलं असतं, शिवाय त्यातून विषाणूरोग येतात ते वेगळेच. कुफरी पुखराज किंवा कुफरी लवकर या लवकर येणाऱ्या जाती आपल्या आखूड थंडीला बऱ्या. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेच्या या जाती. त्यातली कुफरी लवकर तर आपल्या पठारासाठीच काढलेली. मोठा बटाटा कापून लावायची पद्धत आहे, पण ऑक्टोबरात आपली माती अजून तापलेली असते आणि कापलेली फोड तिच्यात सडते. लिंबाएवढं अख्खं बेणं घ्या आणि जाड, बुटके कोंब येईपर्यंत सावलीत, उजेडात पसरून ठेवा.

जमिनीतच लावणार असाल तर काळ्या मातीचा विचार आधी करा. ओली झाली की चिकट, वाळली की दगड. भेगा पडतात, बटाटे वाकडे होतात, पाणी साचलं तर कुजतात. वाफा वीतभर उंच करा, त्यात वाळू आणि जुनं शेणखत भरपूर मिसळा. कच्चं शेणखत नको, त्यातून हुमणी, म्हणजे मुळं कुरतडणारी अळी, येते. मागच्या वर्षी वांगी, टोमॅटो किंवा मिरची होती तो वाफाही टाळा. ही सगळी एकाच कुळातली, रोगही तेच.

मला विचाराल तर आपल्या भागात गोणीच बरी. माती आपल्या मनासारखी भरता येते आणि पाणीही मोजून देता येतं. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. आपल्याकडं कुठलंही पीक घ्यायचं तर पाण्याचा हिशेब आधी. खताची पांढरी गोणी धुऊन घ्या, बुडाला भोकं पाडा आणि विटांवर ठेवा, म्हणजे गच्चीची धग लागत नाही. काळी प्लास्टिकची कुंडी तापते, ती नको. पोयट्याची माती, शेणखत आणि कोकोपीट मिसळून गोणी तिसरा हिस्सा भरा, वर दोन बेणी ठेवून चार बोटं माती टाका. झाड वीतभर झालं की निम्मं झाकेल एवढी भर लावा, मग पंधरवड्यानं पुन्हा. उंच गोणीत थरावर थर बटाटे लागतात असं दाखवतात, त्यावर जाऊ नका. या लवकरच्या जातींचे बटाटे बेण्याच्या आसपासच धरतात. भर लावायची ती ऊन लागून बटाटे हिरवे पडू नयेत म्हणून. हिरवा बटाटा विषारी, तो खायचा नाही.

पाणी थोडं थोडं पण नेमानं द्या, ओल तुटू देऊ नका. पानांमागं मावा दिसला की निंबोळी अर्क फवारा. पाला पिवळा पडायला लागला की पाणी तोडा, आठ-दहा दिवसांनी गोणी उलटी करा. बटाटे धुऊ नका, सावलीत सालं घट्ट होऊ द्या. पुढच्या वर्षासाठी बेणं म्हणून ठेवू नका. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात घरात ते टिकत नाही. दरवर्षी नवं आणा.

आणि जूनमध्ये हात शिवशिवलेच तर रताळ्याचा वेल लावा. त्याला आपला उकाडा मानवतो.