फळ्यावरच्या दोन चौकटी

नववीत संगणकाच्या तासाला मी गुणांची बेरीज करणारा पायथॉन प्रोग्राम लिहीत होतो. वर ‘एकूण’ला 0 दिला होता आणि खाली फंक्शनमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या सूचनांच्या गटात, ‘एकूण = एकूण + गुण’. रन केला की एरर यायची : किंमत देण्याआधीच ‘एकूण’ वापरलंय. आणि किंमत तर वर डोळ्यांसमोर दिसत होती! आदल्या दिवशी त्याच फंक्शनमधून मी ‘एकूण’ नुसतं प्रिंट केलं, तेव्हा 0 व्यवस्थित आला होता. रडूच यायचं बाकी होतं.

‘फंक्शनमध्ये वर ग्लोबल लिही’, म्हणजे बाहेरचंच ‘एकूण’ वापर, एवढं सांगून सर पुढे गेले असते, तरी माझं काम झालं असतं. त्यांनी खडू घेतला. एक मोठी चौकट काढली, ती अख्खा प्रोग्राम; तिच्या पोटात एक लहान, ते फंक्शन. “आतून बाहेरचं दिसतं, बाहेरून आतलं दिसत नाही. पण फंक्शनमध्ये कुठेही, अगदी शेवटच्या ओळीत जरी, तू एखाद्या नावाला किंमत दिलीस, तरी ते नाव अख्ख्या फंक्शनभर आतलं झालं. हे फंक्शन चालायच्या आधीच ठरतं.” मग माझी ओळ त्यांनी उजवीकडून वाचायला लावली, कारण आधी उजवी बाजू मोजली जाते. आतल्या चौकटीत ‘एकूण’ हे नाव होतं, पण त्यापुढची जागा रिकामी.

मी विचारलं, “सर, मग बाहेरच्या लिस्टमध्ये आतून अपेंड केलेलं, म्हणजे शेवटी काही जोडलेलं, कसं चालतं?”

“तिथे तू नावाला नवीन किंमत दिलीस का? वस्तू तीच, तिच्यात भर घातलीस.”

त्यांनी ग्लोबल लिहू दिलंच नाही. ‘एकूण’ पॅरामीटर म्हणून आत पाठवायचं, रिटर्नने परत घ्यायचं. आजही मला तीच पद्धत बरोबर वाटते.

पुढे नोकरीत बॅश स्क्रिप्टने, म्हणजे लिनक्सच्या कमांड ओळीने लिहिलेल्या प्रोग्रामने, असंच रडवलं. पाइपमधून, म्हणजे एका कमांडकडून दुसरीकडे, येणाऱ्या ओळी पुन्हापुन्हा चालणाऱ्या व्हाइल लूपमध्ये मोजत होतो. लूपमध्ये आकडा वाढायचा, बाहेर आलं की 0. बॅशमध्ये तर ‘लोकल’ लिहिलं नाही, तर फंक्शनमधलं व्हेरिएबलही बाहेर दिसतं, म्हणून चूक भलतीकडेच शोधत बसलो. शेवटी कागदावर चौकटी काढल्या. पाइपनंतरचा लूप वेगळ्या सबशेलमध्ये, म्हणजे बॅशच्या वेगळ्या प्रतीत, चालतो, ती चौकटच स्वतंत्र. लूप संपला की आकड्यासकट नाहीशी. पाइप काढून फाइल थेट लूपला जोडली आणि मोजणी जुळली.

त्या दिवशी तास संपल्यावर सरांनी फळा पुसला नव्हता. पुढच्या तासाच्या बाईंना ते म्हणाले, “एवढा कोपरा राहू द्या, पोरं अजून उतरवून घेतायत.”