सोलमधला एक तास आणि अर्धी मात्रा

सोलला कशासाठी जाते आहेस, असे पुण्यात ज्यांनी ज्यांनी विचारले त्यांना मी "भाचीला भेटायला" एवढेच उत्तर दिले. ते खोटे नव्हते. भाची गेली दोन वर्षे तिथे कोरियन भाषा शिकते आहे आणि तिच्या आईच्या हातचा मेतकूट-लोणच्याचा डबा पोहोचवण्याची जबाबदारी माझ्यावर होतीच. परंतु दुसरेही एक कारण होते, आणि पन्नाशी ओलांडलेल्या कथकच्या शिक्षिकेने ते चारचौघांत सांगावे असे नव्हते. एका कोरियन पॉप गायकाचा सात गाण्यांचा एक छोटा अल्बम मला त्याच्या गावी जाऊन समजून घ्यायचा होता. गायकाचे नाव ली तेमिन, अल्बमचे नाव 'वॉन्ट', प्रकाशनाची तारीख ११ फेब्रुवारी २०१९.

या अल्बमची आणि माझी गाठ वर्गातल्या एका विद्यार्थिनीमुळे पडली. तत्कार, म्हणजे पायांचा सराव, संपवून घाम पुसत असताना तिने मोबाइल माझ्यापुढे धरला आणि "ताई, रागावू नका, पण एकदा बघा," असे म्हणाली. रागावण्याची तयारी मी मनात केलेलीच होती. मादक म्हणून जे काही दाखवले जाते त्यात बहुधा कंबर आणि कॅमेरा यांच्यापलीकडे फारसे काही नसते, असा माझा अनुभव आहे. या पंचविशीतल्या मुलाच्या नाचात मला आधी दिसले ते मनगट आणि त्यानंतर श्वासाबरोबर किंचित उचलली गेलेली छाती. कथकच्या थाटात आम्ही ज्याला कसक-मसक म्हणतो, जे शिकवताना माझी निम्मी हयात गेली आणि जे दहांतल्या एखाद्याच मुलीच्या अंगात उतरते, त्याचे सख्खे भावंड भलत्याच पोशाखात माझ्यासमोर उभे होते.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात मी दिल्लीमार्गे इंचॉनला उतरले. विमानतळावरून शहराकडे येणाऱ्या रेल्वेच्या दोन तऱ्हा आहेत, एक थेट सोल स्थानकाला जाणारी आणि दुसरी वाटेतल्या प्रत्येक स्थानकावर थांबणारी. भाचीने मला दुसऱ्या गाडीत बसवले, कारण ती होंगिक विद्यापीठाच्या स्थानकावर उतरवते आणि तिथून दोन क्रमांकाच्या हिरव्या मार्गाने पुढचेच स्थानक सिनछोन. भाची सिनछोनला एका गोशीवॉनमध्ये राहते. परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलांसाठी बांधलेल्या या खोल्या इतक्या अरुंद असतात, की पलंगावर बसून हात लांब केला की टेबल, कपाट आणि दार यांपैकी कशालाही हात लागतो. माझी सोय अर्थातच जवळच्या एका लहान अतिथिगृहात होती. रस्त्यावर गिंकोची झाडे पिवळी पडू लागली होती आणि त्यांची फळे पादचाऱ्यांच्या पायांखाली चिरडून जो उग्र, आंबट वास सुटत होता त्याचा उल्लेख एकाही पर्यटन-पुस्तिकेत मला आढळला नव्हता.

पहिल्या दिवशी आम्ही अल्बम विकत घ्यायला निघालो. नव्या अल्बमांची दुकाने म्यॉन्गदोंगमध्ये ढिगाने आहेत, पण इतका जुना अल्बम मिळण्याची शक्यता जुन्या मालाच्या दुकानात अधिक, असे भाचीचे म्हणणे होते. प्रथम आम्ही होएह्यॉनच्या भुयारी बाजारात गेलो. तिथे तबकड्या, जुनी नाणी आणि पोस्टाची तिकिटे विकणारे म्हातारे गृहस्थ गाळ्यागाळ्यांत बसलेले असतात. त्यांतल्या एकाने तेमिनचे नाव ऐकून असा चेहरा केला, की मी आपली एका जुन्या कोरियन गायिकेची तबकडी घेऊन निमूट बाहेर पडले. शेवटी 'वॉन्ट' सापडला तो जुन्या पुस्तकांच्या 'अलादिन' या दुकानसाखळीच्या सिनछोन शाखेत, कवितांच्या कपाटापासून चार पावलांवर.

"मावशी, यात फोटोकार्ड नाहीये, म्हणून स्वस्त आहे," भाचीने खोका उघडून सांगितले. प्रत्येक अल्बममध्ये गायकाच्या छायाचित्राचे पत्त्याएवढे एक कार्ड असते. कोणाच्या नशिबी कोणते येईल ते खोका फोडल्याशिवाय कळत नाही, आणि हवे ते मिळावे म्हणून चाहते एकाच अल्बमच्या अनेक प्रती घेतात. कार्ड काढून घेतलेला अल्बम त्यांच्या लेखी शेंगांच्या टरफलासारखा. मला मात्र त्या टरफलातच रस होता. हातात धरल्यावर ती सीडी वाटतच नाही. जाड कागदाची छायाचित्रांची वही आणि तिच्या पाठीशी खोचलेली तबकडी, असा सगळा प्रकार. हाच अल्बम दोन वेगळ्या वेष्टनांत निघाला होता, एकाला 'वॉन्ट' म्हणत आणि दुसऱ्याला 'मोअर'. "हवे" आणि "आणखी" असे दोन शब्द दोन मुखपृष्ठांवर वाटून देणाऱ्याला विक्री आणि वासना या दोहोंची जाण असली पाहिजे.

कोरियात 'मिनी अल्बम' हा एक रूढ प्रकार आहे. पाच ते सात गाण्यांचा तो ऐवज एकट्या गाण्याहून मोठा आणि पूर्ण अल्बमहून लहान असतो. तेमिनच्या एकल वाटचालीची सुरुवात ऑगस्ट २०१४ मध्ये 'एस' या अशाच मिनी अल्बमने झाली. त्यानंतर २०१६ आणि २०१७ मध्ये दोन पूर्ण कोरियन अल्बम आले, आणि 'वॉन्ट' हा त्याचा दुसरा कोरियन मिनी. मे २००८ मध्ये 'शायनी' या पाच जणांच्या गटातून तो रंगमंचावर आला तेव्हा जेमतेम चौदा वर्षांचा होता. नाचात पुढे, पण आवाज कच्चा, म्हणून पहिल्या गाण्यात त्याच्या वाट्याला गायला फारसे काही आलेच नाही. हा मुलगा पुढे अकरा वर्षांनी एकट्याच्या आवाजावर अख्खा अल्बम पेलतो, ही गोष्ट कोणत्याही शिक्षकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. 'वॉन्ट'च्या शीर्षकगीतात तो आवाज वरच्या पट्टीत पातळ, जवळजवळ धुरासारखा होतो आणि खालून बासची चाल त्याला खेचत राहते. या प्रकाराला 'स्पेस डिस्को' म्हणतात म्हणे. सातवा तुकडा त्याच गाण्याचा उत्तररंग आहे. मधल्या गाण्यांपैकी दोन मला तितकीशी रुचली नाहीत, आणि त्यांच्याविषयी अधिक लिहावे असेही काही नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही सॉन्गसू-दोंगला गेलो. हिरवा मार्ग शहराभोवती ४८.८ किलोमीटरचे वर्तुळ काढतो. सिनछोनहून पूर्वेकडे निघालेली गाडी बराच वेळ जमिनीखालून धावते आणि हानयांग विद्यापीठाच्या सुमारास अचानक उजेडात येऊन पुढे खांबांवर चढते. त्या पुलाखाली पूर्वी बुटांचे कारखाने आणि छापखाने होते. काही अजून तग धरून आहेत आणि एखाद्या गल्लीत चामड्याचा व डिंकाचा वास येतो. पण विटांच्या बहुतेक गोदामांत आता कॉफी मिळते. येथेच, सोल फॉरेस्ट या मोठ्या बागेलगतच्या काचेच्या मनोऱ्यात, 'शायनी'ची एस. एम. एंटरटेनमेंट ही संस्था २०२१ मध्ये राहायला आली. म्हणजे 'वॉन्ट' घडला तेव्हा संस्था इथे नव्हतीच, आणि एकल कामापुरता तेमिनही २०२४ मध्ये या संस्थेतून बाहेर पडला. तळघरातल्या दुकानात माझ्या नातवंडांच्या वयाच्या गायकांच्या तसबिरी होत्या. जिथे गोष्ट घडली तिथे जाण्याचा माझा हट्ट अशा रीतीने एका लिफ्टच्या दारापाशी संपला, आणि आम्ही बागेत बसून थर्मासमधला चहा प्यायलो.

"इथे काही नाही मिळायचं, मावशी. नाच जिथे शिकवतात तिथे जाऊ," भाची म्हणाली. तिने परस्पर एका लहान नृत्यवर्गात माझ्यासाठी एक तास ठरवूनही टाकला होता.

तो वर्ग एका जुन्या इमारतीच्या तळघरात होता. एका भिंतीला आरसा, दुसरीला स्पंजाचे तुकडे चिकटवलेले, दारात चपला काढायच्या नाहीत, उलट स्वच्छ बूट घालून यायचे. जमिनीला बूट घालून शिवण्याचे माझ्या जिवावर आले. शिक्षिका पंचविशीतली होती, डोक्यावर टोपी, बोलणे हळू. तिला सगळे 'सॉन्सेङ्निम' म्हणत. गुरुजी म्हणावे तसाच तो शब्द. कोणते गाणे हवे, असे तिने विचारले. बहुतेक परदेशी पाहुणे त्या महिन्यातले नवे गाणे मागतात, त्यामुळे 'वॉन्ट' हे उत्तर ऐकून तिने टोपी वर सरकवून माझ्याकडे पाहिले आणि भाचीला काहीतरी विचारले. मी नृत्यशिक्षिका आहे, हे तिला कळल्यावर तिने मला अधिक कठोरपणे वागवायचे ठरवले असावे.

मूळ हालचाली सोप्या करून तिने मला मुखड्यापुरता एक तुकडा बांधून दिला. त्यातल्या पहिल्या चार मात्रांतच माझा तास गेला. उजवा हात मांडीपासून निघून गळ्यापर्यंत जायचा, एवढेच काम. मी तो उचलला आणि चौथ्या मात्रेवर गळ्याशी नेमका आणून ठेवला. "हिम प्पेसेयो," ती म्हणाली. जोर काढून टाका. मी पुन्हा केले, पुन्हा तेच उत्तर आले. मग तिने स्वतः करून दाखवले. पहिल्या मात्रेत तिच्या हाताने काहीच केले नाही, फक्त खांद्यातून श्वास गेला. दुसरीत कोपर निघाले. तिसरीत हात बरगड्यांशी येऊन जवळजवळ थांबला, आणि बोटे गळ्याशी पोहोचली ती चौथी मात्रा निघून गेल्यावर, पाचवी येण्याआधीच्या फटीत. पाहताना माझाच श्वास अडकला होता. तिने उघडे असे काहीच दाखवले नव्हते, सैल सुती शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत होत्या.

माझी अडचण मला तेव्हाच समजली होती. आयुष्यभर मी समेवर, म्हणजे तालाच्या मुक्कामाच्या मात्रेवर, नेमके येण्याची साधना केली आहे. सम आली आणि पाऊल पडले नाही, तर माझ्या गुरूंनी ज्या नजरेने पाहिले असते ती नजर अजून माझ्या पाठीवर आहे. इथे मात्र सम मुद्दाम जाऊ द्यायची होती. ऐकणाऱ्याला वाटते, आता पोहोचेल, आणि हात पोहोचत नाही. त्या उशिरातच सगळी ओढ भरलेली असते. अल्बमचे नाव 'हवे' असे आहे, 'मिळाले' असे नाही, हे त्या तळघरात आरशासमोर उभे राहिल्यावर माझ्या ध्यानात आले. या गुणाला कोरियन भाषेत 'जॉल्जे' म्हणतात, असे भाचीने सांगितले. 'संयम' हा आपला शब्द त्याला जवळचा, पण आपल्या संयमाला उपवासाचा वास येतो आणि त्यांच्या शब्दाला येत नाही.

मधल्या विश्रांतीत मी शिक्षिकेला विचारले, की हा नाच मुलांचा की मुलींचा. ती हसली आणि तिने आधीच्या, ऑक्टोबर २०१७ मधल्या 'मूव्ह' या गाण्याची गोष्ट काढली. जपानी नृत्यदिग्दर्शिका कोहारू सुगावारा हिने बसवलेल्या त्या नाचात पुरुषी आणि बायकी ढंग वेगळे ठेवायचे नाहीत, असा तेमिनचा मानस होता. एका चित्रफितीत ती स्वतः त्याच्याबरोबर नाचते, आणि कोणाचा ढंग कोणता हे सांगता येत नाही. त्या गाण्यानंतर सोलमध्ये चालता-बसता तीच हालचाल करत सुटण्याला 'मूव्ह-ब्यॉन्ग', म्हणजे 'मूव्ह'चा आजार, असे नाव पडले होते, आणि शाळकरी वयात आपल्यालाही तो जडला होता, असे तिने सांगितले. मला यात नवल वाटले नाही. कथकचे थोर नर्तक शंभू महाराज बसल्या जागी नायिकेचा भाव सांगत तेव्हा समोरच्याला बाई दिसे की पुरुष, हा प्रश्न लखनौच्या बैठकीत कोणी विचारला नसावा.

परतताना गाडीत भाचीने मात्र एक बोचरा मुद्दा काढला. तेमिनच्या आधी, २०१२ मध्ये, 'ब्राउन आइड गर्ल्स' या गटातल्या गाइनने शरीरसुखाविषयी बाईच्या बाजूने बोलणारा एक मिनी अल्बम काढला. त्याच्या शीर्षकगीताचे शब्द किम इना या बाईंनीच लिहिले होते, आणि चित्रफितीवर १९ वर्षांखालील प्रेक्षकांना मनाईचा शिक्का बसला. त्या शिक्क्याला तिथली मुले 'शिप्गू-गुम' म्हणतात. "पुरुषाने केलं की कला, बाईने केलं की शिक्का," असे तिचे मत. ते अगदीच तसे नाही, हे तिलाही ठाऊक होते. २०२३ मधल्या 'गिल्टी'त तेमिनचा हात त्याच्याच शर्टाखाली गेला तेव्हा भुवया त्याच्यावरही उंचावल्या होत्या. पण तिचा मुद्दा निम्मा तरी खरा आहे, आणि आपल्याकडे तो निम्म्याहून जास्तच खरा ठरेल. मी तिच्याशी वाद घातला नाही.

निघण्याच्या आदल्या रात्री अतिथिगृहात मी त्या तासाची चित्रफीत पाहिली. कोरियातल्या वर्गांत शेवटी विद्यार्थ्याचा नाच मोबाइलवर टिपून त्याला पाठवतात, आमच्याकडे परीक्षेला बाहेरचा परीक्षक येतो तसेच हे. खोलीतला आवाज बंद करून मी केवळ हात पाहिला, पहिल्या खेपेचा, मग पाचव्या, मग शेवटच्या. जोर बराच कमी झाला होता, खांदा खाली उतरला होता, बरगड्यांपाशी एक छोटा विराम आला होता. बोटे मात्र अजूनही गळ्याशी अर्धी मात्रा आधी पोहोचत होती.