शाईतून बाहेर पडलेली माणसे

कोर्नेलिया फुंके या जर्मन लेखिकेची ‘इंकहार्ट’ ही २००३ सालची कादंबरी मी सोलापूरच्या उन्हाळ्यात, खिडकीला वाळ्याचा ओला पडदा सोडून वाचली. पुस्तकबांधणी करणारा मो मोठ्याने वाचू लागला की पात्रे जिवंत होऊन समोर उभी राहतात; पण त्या बदल्यात इकडचे कोणीतरी पुस्तकात ओढले जाते, आणि त्याची पत्नी अशीच नाहीशी झालेली असते. जादूपेक्षाही हा हिशेब मला अधिक पटला.

खलनायक कॅप्रिकॉर्न आपल्या जगात चांगलाच रुळतो. इतका, की परतीची वाट उरू नये म्हणून तो ज्या पुस्तकातून आला, त्याच्या प्रती शोधून शोधून जाळतो. आगीचे खेळ करणारा डस्टफिंगर मात्र कायमचा उपरा राहतो. आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत, होम मैदानावरच्या गर्दीत त्याने तोंडातून ज्वाळा काढल्या असत्या, तर लोकांनी टाळ्या वाजवून पाळण्यांकडे मोर्चा वळवला असता, हा विचार मनातून जाता जाईना. कारण त्याच्या जगात जे आगीशी केलेले हितगुज होते, ते इथे चार नाण्यांचा खेळ ठरते.

मधल्या भागात पळापळ आणि पकडापकडी जरा जास्तच झाली आहे. तरीही, या पात्रांचा निर्माता फेनोग्लिओ भेटतो आणि डस्टफिंगरला त्याच्याकडून स्वतःच्या कथेचा शेवट ऐकायचाच नसतो, तो भाग मी पुन्हा वाचला. म्हातारा लेखक आपले अक्षर चालतेबोलते झालेले पाहून हरखून जातो, आणि त्या हरखण्यातला निर्दयपणा लेखिकेने झाकलेला नाही.