चौथ्या माळेचं पाणी

सोलापुरात नवरात्रात तारीख कुणी विचारत नाही. ‘आज कितवी माळ?’ एवढंच विचारतात. घटावर रोज एक माळ चढते, त्यावरून पहिली माळ, दुसरी माळ असे दिवस मोजायचे. आमच्या घरी सहामाहीचं वेळापत्रकही असंच तोंडपाठ असायचं: मराठी तिसऱ्या माळेला, गणित सहाव्या माळेला.

ही १९८४-८५च्या आसपासची गोष्ट. आमच्या चाळीच्या मंडळाचं नवरात्र चौकातल्या मांडवात व्हायचं. घटस्थापनेच्या आदल्या रात्री मोठी मुलं टेम्पोतून तुळजापूरला जायची आणि तिथं पेटवलेली ज्योत घेऊन सुमारे ४५ किलोमीटर पळत परत यायची. एक दमला की दुसरा. मुलींना तेव्हा कुणी नेत नसे. आम्ही पहाटे नाक्यावर डोळे चोळत उभ्या. लांबून आधी ‘आई राजा उदो उदो’ ऐकू यायचं, मग धूर दिसायचा आणि शेवटी काळवंडलेल्या चेहऱ्यांची, पायाला फोड आलेली आपलीच भावंडं. त्या ज्योतीवरून मांडवातला नंदादीप लागायचा. नऊ दिवस तो विझू द्यायचा नाही. त्यासाठी रात्रीच्या पाळ्या लागत आणि पाळ्यांवरून भांडणं. वर्गणीवरून तर व्हायचीच. एका वर्षी दोन काकांनी आरतीचं तबक दोन बाजूंनी धरून ठेवलं होतं. आरती संपेपर्यंत कुणीही सोडलं नाही.

रोज संध्याकाळी आरतीआधी अर्धा तास बाईंचं निरूपण असायचं. बाई म्हणजे चाळीतल्याच, संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या. सप्तशती या देवीच्या पोथीचे तेरा अध्याय त्या नऊ माळांत बसवायच्या. आम्ही मुलं समोर सतरंजीवर, लक्ष सगळं प्रसादाच्या पातेल्याकडे. आम्हाला हवा होता महिषासुर. बाई मात्र पहिल्या दिवशी राक्षसाचं नावच काढायच्या नाहीत.

त्यांची गोष्ट सुरू व्हायची दोन घर सुटलेल्या माणसांपासून. एक सुरथ राजा. शत्रूनं हरवलं, मग स्वतःच्याच प्रधानांनी लुबाडलं, तेव्हा शिकारीचं निमित्त करून तो एकटा रानात निघून आला. दुसरा समाधी नावाचा वाणी. याला बायकामुलांनीच पैशासाठी घराबाहेर काढलं. दोघं मेधा ऋषींच्या आश्रमापाशी भेटतात. राजाला काळजी कशाची? माझा हत्ती नीट खात असेल ना, मी साठवलेला खजिना ते लोक उधळत असतील. आणि वाण्याला? मुलं सुखात असतील ना, वळण सुटलं नसेल ना. ज्यांनी हाकललं त्यांच्यावरच जीव अडकलाय, आणि हे दोघांनाही कळतंय. कळूनही सुटत नाही. ते ऋषींना विचारतात, असं का होतं? ‘त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून पुढची सगळी युद्धं आहेत,’ बाई म्हणायच्या. ‘रेडा मागाहून येतो.’

हे तेव्हा किती कळलं कोण जाणे. पण हत्तीच्या चाऱ्याची काळजी करणारा राजा मला फार आवडला होता. आमचे आजोबा गिरणीतून निवृत्त झाले तरी भोंगा वाजला की घड्याळ बघायचे.

आता मुख्य सांगायचं ते घटाबद्दल. वेताच्या परडीत पत्रावळ, तिच्यावर शेतातून आणलेली काळी माती, मातीत सात धान्यं, मधोमध पाण्यानं भरलेला मातीचा घट, त्यावर विड्याची पानं आणि नारळ. पहिली माळ विड्याच्या पानांची, पुढे झेंडू, मधे एखाद्या दिवशी कारळ्याची पिवळी फुलं. परडी मांडवाच्या आतल्या अंगाला, उजेड बेताचाच. तिसऱ्या माळेला माती फुगून तडकते आणि त्या भेगेतून पांढरं टोक दिसतं. वाकून बघितलं तर ओल्या मातीचा आणि तेलाचा मिळून एक वास येतो. तो मला आजही नेमका आठवतो, सांगता मात्र येत नाही.

त्या वर्षी घटाला पाणी घालायचं काम माझ्याकडे आलं. पाणी म्हणजे ओंजळभर शिंपडायचं. चौथ्या माळेला मला वाटलं, आपले अंकुर लवकर वाढावेत. शेजारच्या चाळीतल्या मंडळाचा घट आमच्यापेक्षा उंच होता, हे खरं कारण. मी सबंध तांब्या एका बाजूला ओतला. सहाव्या माळेला तिथं धान्यावर पांढरी बुरशी धरली. बाकीची परडी पोपटी-पिवळी झालेली आणि एका कडेला तळहाताएवढा काळा डाग. सगळे विचारायला लागले तेव्हा मी म्हटलं, उंदीर आला असणार. दोन काका लगेच पिंजरा शोधायला गेले.

त्याच संध्याकाळी निरूपणात पाचवा अध्याय होता, ‘या देवी सर्वभूतेषु’चा. हे स्तोत्र सगळ्यांना येतं, पण आपण त्यातलं गोड गोड तेवढं म्हणतो: बुद्धी, शांती, श्रद्धा, दया, माता. बाईंनी त्या दिवशी मधली नावं काढली. देवी निद्रारूपानं आहे. क्षुधारूपानं आहे. तृष्णारूपानं आहे. पुढे सतरंजीवर एक पोरगं आडवं होऊन झोपलं होतं, त्याला उठवायला आई सरसावली तर बाई म्हणाल्या, ‘असू द्या. तोही तिच्यापाशीच आहे.’ मग जरा थांबल्या आणि म्हणाल्या, ‘भ्रांतीसुद्धा तीच. भूल पडते, आपण चुकतो, वर उंदरावर ढकलतो.’ माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. माझे कान मात्र तापले.

षड्रिपूंची यादी करून प्रत्येक राक्षसाला एकेक विकार चिकटवणारी प्रवचनं पुढे मी पुष्कळ ऐकली. महिष म्हणजे तमोगुण, रक्तबीज म्हणजे वासना, थेंब सांडला की नवी उगवते. चूक काहीच नाही. पण ऐकताना नेहमी वाटतं की राक्षस आत आणि देवी बाहेर, असा सोयीचा हिशेब झाला. ज्या भुलीनं गाडं अडलं तीही देवीच असेल, तर मग मारायचं कुणाला? हा गुंता बाईंनी सोडवला नाही. सोडवता येत होता असंही त्यांनी दाखवलं नाही.

सातव्या माळेला आराधी, म्हणजे देवीची गाणी म्हणणारे भक्त, यायचे. कवड्यांच्या माळा, हातात पेटता पोत, संबळ वाजू लागला की मांडवाचे पत्रे थरथरायचे. त्यांचं झालं की बाया मिळून एकनाथांचा जोगवा म्हणायच्या. जोगवा म्हणजे खरं तर परडी घेऊन मंगळवारी-शुक्रवारी पाच घरी मागायचं पीठ किंवा धान्य. नाथांनी त्यात मोहालाच महिषासुर केलं, परडी बोधाची केली आणि आशा-तृष्णेच्या दरडी पाडायला निघाले. मी बाईंना विचारलं, तृष्णा जर देवी, तर नाथ तिला पाडतात कशाला? मला वाटतं, तेव्हा पहिल्यांदाच त्या खूश झाल्या. म्हणाल्या, ‘दरड पाडली तरी माती कुठं जाते? तिथंच राहते ना!’

नवव्या माळेला गोष्ट संपायची. राजा आणि वाणी नदीकाठी देवीची मातीची मूर्ती करून तीन वर्षं आराधना करतात. देवी प्रसन्न होते, माग म्हणते. राजा आपलं राज्य परत मागतो, आणि वर पुढच्या जन्मीचंही. वाणी म्हणतो, हे ‘मी’ आणि ‘माझं’ सुटेल असं ज्ञान दे. ज्यानं जे मागितलं ते त्याला मिळतं. राजाला कुणी रागावत नाही, हे बाई दरवर्षी आवर्जून सांगायच्या. मग विचारायच्या, ‘तुमच्यातलं कोण राजा, कोण वाणी? हात वर.’

राज्यासाठी सगळे हात वर. ज्ञानासाठी एकही नाही. मागून एकानं विचारलं, ‘बाई, दोन्ही मागता येतं का?’ बाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. आणि मग कुणीतरी ओरडलं, ‘अरे, बाईंचाही हात राज्यालाच होता!’ होताच. मी पाहिला होता.

दसऱ्याला सकाळी घट हलवला. तोवर अंकुर वीतभर झालेले. पुरुषांनी टोप्यांत खोवले, बायकांनी केसांत माळले. बाई परडीपाशी बसून वाटत होत्या. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी दाट बाजूचे सोडून काळ्या डागाच्या कडेला हात घातला. तिथं उशिरा उगवलेले तीनच होते, बोटभर उंचीचे. त्यांनी ते मुळासकट, मातीसकट उपटले.

‘हे तुझे,’ म्हणाल्या. केसांत खोवण्याइतके ते लांब नव्हते. मी मुठीत धरून घरी नेले.