स्किन टँकमधली हवा आणि आबांची पाणसळ

मागची नोंद इंग्लंडच्या केनेट अँड एव्हन कालव्यावरच्या फॉक्सहँगर्सहून, केन हिलच्या पायथ्यावरून लिहिली होती आणि ‘कोयना’ या आमच्या नॅरोबोटीचे (कालव्यातल्या लांब, अरुंद होडीचे) इंजिन का तापते हा प्रश्न तेव्हा तसाच पडून होता. आज वूटन रिव्हर्सच्या लॉकखाली (लॉक म्हणजे होडीला पाण्याच्या एका पातळीवरून दुसरीवर नेणारा दरवाजांचा हौद) होडी बांधली आहे. सलग अडीच तास चालूनही तापमानाचा काटा ८३ अंशांवरून हललेला नाही. गेल्या सात आठवड्यांत हे प्रथमच घडले, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आधी केन हिलविषयी थोडे. डेव्हायझेसपर्यंत दोन मैलांत २९ लॉक आणि २३७ फुटांची चढण, त्यातली मधली १६ लॉक एकामागोमाग एक टेकडीवर रचलेली. आम्हांला सहा तास लागले. लॉक चौदा फूट रुंद असल्यामुळे शेजारी दुसरी नॅरोबोट घेऊन चढलो आणि पाणीही वाचले. थोरलीने मधल्या सोळापैकी अकरा लॉकमध्ये होडी एकटीने आत घेतली, भिंतीला एकदाही न घासता. धाकट्याला विंडलस (लॉकच्या झडपा फिरवायचा दांडा) वापरता येऊ लागला असून पॅडल, म्हणजे पाणी सोडणारी झडप, उतरवताना तो दांड्यावर तसाच सोडून द्यायचा नाही, हे आता त्याला सांगावे लागत नाही. ॲल्युमिनियमचा विंडलस मुलांच्या हाताला हलका पडतो हे खरे, पण अडलेल्या पॅडलला माझा भरवसा जुन्या पोलादी विंडलसवरच आहे.

आता इंजिन. नव्याने आलेल्यांसाठी एवढेच सांगते की आपल्या होड्यांना मोटारीसारखा रेडिएटर नसतो; इंजिनातले गरम कूलंट (इंजिन गार ठेवणारे द्रव) होडीच्या पत्र्याला आतून वेल्ड केलेल्या चपट्या टाकीतून, म्हणजे स्किन टँकमधून, फिरते आणि बाहेरचे कालव्याचे पाणी त्या पत्र्यावाटे उष्णता ओढून घेते. ब्रिस्टलहून बाथकडे एव्हन नदीच्या प्रवाहाविरुद्ध येताना काटा पहिल्यांदा ९५ वर गेला. कालव्यात लागल्यावर तो उतरला, कारण तिथे दर थोड्या वेळाने लॉक येते, इंजिन मंद चालते आणि दोष झाकला जातो.

मी थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान पाहून कूलंटला वाट देणारी झडप, बदलला. तो ज्या दुकानातून मागवला त्यांनी दोनदा चुकीच्या मापाचा पाठवला आणि त्यात बारा दिवस गेले. पंपाचा पट्टा बदलला, काटाच खोटे सांगत नाही ना हे इन्फ्रारेड थर्मामीटरने पडताळले. एका यार्डात दाखवले तेव्हा ‘टाकी लहान आहे, दुसरी वेल्ड करावी लागेल’ असे उत्तर मिळाले. ते मला पटेना. इंजिनाच्या अश्वशक्तीला चाराने भागले की टाकीचे लागणारे क्षेत्रफळ चौरस फुटांत मिळते, हा आपल्यातला सर्वमान्य हिशेब आहे. आमचे इंजिन ३८ अश्वशक्तीचे, म्हणजे साडेनऊ चौरस फूट पुरे; आमची टाकी पाच फूट लांब आणि दोन फूट उंच आहे.

डेव्हायझेस ते वूटन रिव्हर्स हा लाँग पाउंड म्हणजे १५ मैलांत एकही लॉक नाही. इंजिनाची परीक्षा घ्यायला याहून चांगली जागा नाही आणि आमचे इंजिन तीत सपशेल नापास झाले. निघण्याआधी मी टाकीत अडकणारी हवा काढली होती. तरीही दोन तासांत काटा हळूहळू चढत गेला आणि हनीस्ट्रीटला ९८ वर पोहोचला. समोर टेकडीवर ऑल्टन बार्न्सचा पांढरा घोडा दिसत होता, मुले तो पाहायला छतावर चढली होती आणि मी मात्र इंजिनाच्या खोलीत गुडघ्यांवर बसून टाकीच्या पत्र्यावर थर्मामीटर फिरवत होते. मागच्या टोकाला पत्रा चटका देत होता, पुढच्या वरच्या कोपऱ्यात मात्र जेमतेम कोमट. तिथे गाळ साठला असावा असे मला वाटले.

माझे वडील, आबा, दोन महिन्यांसाठी सांगलीकडून आले आहेत. कृष्णेवरच्या उपसा सिंचनाच्या पंपांत त्यांचे आयुष्य गेले. त्यांनी हात टेकवून तो कोपरा चाचपला आणि म्हणाले, “गाळ खाली बसतोय, वर न्हाई. हवा धरलीय हिनं. वरचं टोक कंचं हाय ते बघ आधी.” मी मागच्या बाजूचा ब्लीड स्क्रू (हवा बाहेर सोडायचा स्क्रू) दाखवला. ते काही न बोलता पेटीतून पाणसळ (स्पिरिट लेव्हल) घेऊन आले आणि ती टाकीच्या माथ्यावर ठेवली. बुडबुडा सरकत पुढच्या टोकाला जाऊन थांबला.

सात आठवडे मी चुकीच्या टोकाला हवा शोधत होते. आमच्या होडीची मागची बाजू खाली बसलेली असते, इंजिनाला जोर दिला की ती आणखी बसते, म्हणून हवा स्क्रूपासून दूर, पुढे जाते. आणि गरम कूलंट टाकीत शिरते ते तोंड नेमके तिथेच आहे. ही हवा शिरली असणार हिवाळ्यात होज (कूलंटच्या नळ्या) बदलले तेव्हा. त्यातही मी प्रत्येक वेळी पाणी भरायच्या आधी, म्हणजे पुढची पाण्याची टाकी रिकामी असताना हवा काढायला बसत असे. तेव्हा पुढचे टोक सर्वांत जास्त उचललेले असते.

सकाळी गार इंजिनावर, अगदी मंद गतीने जवळचा पाणवठा गाठला आणि पाचशे लिटरची टाकी काठोकाठ भरली. कोळशाची सहा पोती छतावरून पुढे नेली. नवरा, आई आणि दोन्ही मुले पुढच्या डेकवर दाटीने उभी राहिली. आबांनी पाणसळीवरची नजर काढली नाही. बुडबुडा मधली रेघ ओलांडून मागे आला तसा मी स्क्रू अर्धा आटा सैल केला. आधी बारीक फुसफुस, मग फेस, मग अखंड निळे कूलंट. हेडर टँकमध्ये (कूलंट भरायच्या वरच्या टाकीत) पाऊण लिटर नव्याने मावले.

दुसरी स्किन टँक अर्थातच रद्द. टाकीच्या माथ्यावर पुढच्या टोकाला भोक पाडून दुसरा स्क्रू बसवायचा, असे काल ठरवले होते. माथा होडीच्या आत असल्यामुळे ड्राय डॉकची, म्हणजे होडी कोरड्यावर घेण्याची, गरज नाही आणि ड्रिलला ग्रीस लावले की लोखंडाचा बराचसा कीस त्यालाच चिकटून वर येतो. पण हे लिहिताना वाटते की स्क्रूऐवजी तिथून एक बारीक नळी कायमची हेडर टँकला का जोडू नये? नळी सतत चढती ठेवली तर हवा आपली आपणच वर निघून जाईल आणि कोळशाची पोती हलवायला नकोत. नळी तांब्याची घ्यावी की रबरी, याबद्दल ज्यांनी हे केले आहे त्यांनी जरूर कळवावे. वजन कायमचे पुढे हलवण्याचा पर्याय मी सोडून दिला आहे, कारण मागची बाजू उचलली की होडी ढकलणाऱ्या पंख्याला पाण्यात पकड मिळत नाही.

खरी परीक्षा टेम्सवर, रेडिंगहून ऑक्सफर्डकडे प्रवाहाविरुद्ध जाताना होईल. या आठवड्यातच रेडिंग गाठायचे होते, पण तो बेत आता बदलला आहे. ब्रूस बोगद्यापलीकडे क्रॉफ्टनचे पंपघर आहे आणि कालव्याच्या माथ्यावर पाणी चढवणारे १८१२ सालचे वाफेचे इंजिन तिथे अजून आपल्या मूळ जागी चालते. आबांना त्याच्यापाशी एक पूर्ण दिवस हवा आहे. तेवढ्या दिवसात मी नळीचे माप काढून ठेवीन.